चौथ्या कार्डाची ऊब

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या रंगनाथ उपासनींना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सोसायटीच्या गणपतीत आरतीला ते सगळ्यांच्या एक ओळ मागे असतात, आणि टाळ कधी वाजवायचे याचा निर्णय दर कडव्याला नव्यानं घेतात. तरीही 'कान' या विषयात पुण्यात आपल्याएवढा अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. हे मत त्यांनी स्वतःच मांडलं, स्वतःच मंजूर केलं आणि आम्हा शेजाऱ्यांना फक्त कळवलं.

माणूस तसा वाईट नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. कर्ज मागायला आलेली माणसं बघण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे वाईट माणूस मला जिन्यातल्या पावलांवरून कळतो. रंगनाथराव त्यातले नव्हेत. पिणं नाही, पत्ते नाहीत. सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातात, तिथे दिवसभर काहीतरी सॉफ्टवेअरचं करतात आणि संध्याकाळी वाहतुकीचा उद्धार करत परत येतात. बायको पूर्णिमा, घरी शिकवण्या घेते. एकुलती एक मुलगी वल्लरी लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिची खोली रिकामी झाली आणि सगळं तिथेच बिघडलं. पुण्यात रिकामी खोली फार दिवस रिकामी राहत नाही.

त्या खोलीत एक संगणक शिरला. नवा नव्हे, वल्लरीच्या जन्माआधीचा, पिवळा पडलेला, जाड पाठीचा. वल्लरीचा पलंग उभा करून भिंतीला टेकवण्यात आला. टेबलावर संगणकाचं झाकण काढून ठेवलेलं, आतडी बाहेर, आणि शेजारी खुर्चीत रंगनाथराव डोळ्याला भिंग लावून. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी दुरुस्त करताहेत. तसं ते दोन वर्षं चाललं होतं.

प्रकार असा होता. त्या जमान्यात संगणकाला स्वतःचा धड आवाज नसायचा. आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड घ्यायचं, म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पट्टी, आणि ती संगणकाच्या पोटातल्या खाचेत बसवायची. प्रत्येक कार्डाचा आवाज निराळा, आणि तेव्हाचे गेम काही या कार्डासाठी बनवलेले, काही त्या. म्हणून रंगनाथरावांचा संकल्प: एकाच डब्यात चार कार्डं, चारही चालू. चौघांच्या वायरी एका छोट्या मिक्सरमध्ये, म्हणजे चटणीच्या नव्हे, गाणाऱ्यांच्या. तिथून स्पीकरला. ज्या गेमला जे कार्ड मानवेल ते त्यानं घ्यावं.

"एका कार्डात भागत नाही का?" मी एकदा विचारलं.

"द्वारकाताई, आपण आमटीत आणि खिरीत एकच मसाला घालता का?"

"नाही. पण दोन्ही एका पातेल्यात शिजवतही नाही."

त्यावर ते हसले. अडाण्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलेला माणूस हसतो, तसं.

तीन कार्डांचं जमलं होतं. पहिलं गोळीबार आणि किंकाळ्यांसाठी, शिवाय त्याला थोडी पिपाणीही यायची. दुसरं पियानो-बियानो वाजवणारं. तिसऱ्याचं काम काय ते मला तीनदा सांगून झालं आणि तीनदा मी विसरले. ही कार्डं एकत्र नांदवणं म्हणजे एक कर्मकांडच होतं. प्रत्येक कार्डाला एक पत्ता लागतो. यंत्र त्या पत्त्यावर हाक मारतं आणि कार्ड ओ देतं. पत्ते मोजके. पत्ता बदलायचा तर कार्डावर बारीक पिना असतात, त्यांच्यावरची इवलीशी प्लास्टिकची टोपी एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर घालायची. तिघांची सोय लावता लावता घरातल्या बाकीच्यांना बाहेर काढावं लागलं. आधी प्रिंटर गेला, मग मोडेम, मग जॉयस्टिक, शेवटी माऊसही गेला. गेम खेळायच्या यंत्रावर गेम खेळायची सोय उरली नाही.

त्याचं रंगनाथरावांना काहीच वाटलं नाही, कारण ते गेम खेळतच नाहीत. गेम सुरू करायचा, सुरुवातीची धून ऐकायची, मान डोलवायची, बंद करायचा. दोन वर्षांत त्यांनी एकाही राक्षसाला मारलेलं मी पाहिलं नाही.

चौथं कार्ड त्यांना जुन्या बाजारात सापडलं. रविवारी सकाळी कुंभारवेशीपाशी ताडपत्रीवर गंजके पाने, फुटकी भांडी आणि दुसऱ्यांचे चष्मे मांडलेले असतात, त्यात. सगळ्यांत जुनं कार्ड, आणि त्याला येत काय, तर फक्त पिपाणी. पण ती म्हणे मूळ पिपाणी. पहिल्या कार्डात होती ती नक्कल. घरी आणल्यावर लक्षात आलं की पत्ता बदलायच्या पिना तुटलेल्या आहेत. चौथं कार्ड कायमचं पहिल्याच्याच पत्त्यावर अडकलेलं होतं. पहिलं हलवता येईना, कारण गेम त्याला तिथेच शोधायचे. दोन्ही एकत्र बसवली की एका हाकेला दोघं ओ द्यायची आणि यंत्र बावचळून काळं तोंड करून बसायचं.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलंय," रंगनाथराव सगळ्यांना सांगायचे. शेपटाला वर्ष झालं.

आता या शेपटाला कोण लोंबकळत होतं ते सांगते. पूर्णिमाची आई गोदाबाई वाईला एकट्या राहतात. ऐंशीच्या घरात वय, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. पूर्णिमाचा भाऊ कॅनडात, तो दर रविवारी फोनवर 'काळजी घे' असं सांगून स्वतःची काळजी मिटवतो. गोदाबाई दोरीला टोपली बांधून खिडकीतून खाली सोडतात आणि भाजीवाला तीत भाजी घालतो. डॉक्टरला काही टोपलीत बसवून वर घेता येत नाही. आईला पुण्याला आणायचं, वल्लरीच्या खोलीत ठेवायचं, एवढं एकच पूर्णिमाच्या मनात होतं. दुसरं काही तिनं नवऱ्याकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि रंगनाथराव नाही म्हणाले का? छे. पुण्यात नकार देताना 'नाही' म्हणायची पद्धत नाही.

"येऊ देत की आई," ते म्हणायचे. "मी कुठे अडवलंय? यंत्र पूर्ण झालं की झाकण लावून हॉलमधल्या कपाटात ठेवून द्यायचं, खोली आईंचीच. फक्त हे असं उघडं, अर्धवट हलवता येत नाही गं. एक वायर इकडची तिकडे झाली तर दोन वर्षं पाण्यात."

आषाढात गोदाबाई न्हाणीघरात घसरल्या. दूधवाल्यानं दार वाजवलं, आतून ओ आली नाही, म्हणून खालच्यांनी कुलूप तोडलं. हाड मोडलं नाही, नशीब. पूर्णिमा आठवडाभर वाईला राहून परत आली, ती पिशवी दारातच ठेवून खुर्चीत बसली. मी पाणी आणून दिलं. तेवढ्यात रंगनाथराव खोलीतून बाहेर आले, चेहरा नुसता फुललेला.

"पूर्णिमा, आज तिसऱ्यातली घरघर गेली!"

मला त्या दिवशी त्यांच्या डोक्यात पाण्याचा तांब्या घालावासा वाटला. पूर्णिमा म्हणाली, "अहो, आई पडली होती." ते म्हणाले, "हो, हो, कशा आहेत?" आणि उत्तर यायच्या आत त्यांचं लक्ष आत गेलं, कारण घरघर परत सुरू झाली होती. पालथ्या घड्यावर पाणी का म्हणतात ते मला तेव्हा समजलं. घड्याची चूक नसते, त्याचं तोंडच खाली असतं.

तेव्हापासून पूर्णिमा ते यंत्र पूर्ण व्हावं म्हणून त्यांच्यापेक्षा जास्त तळमळत होती. शनिवारी स्वतः म्हणायची, "उद्या जुन्या बाजारात जाऊन या की, एखादी पिन मिळेल." बुधवार पेठेतून तिनं सोल्डरिंगची तार आणून दिली. नवऱ्याला वाटलं, बायकोला अखेर गोडी लागली.

मग खंडेनवमी आली. पूर्णिमाकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते: सुऱ्या, शिवणयंत्र, स्कूटरची किल्ली, शिकवणीचा फळा. मी दरवर्षी झेंडू ओवायला जाते. या वर्षी पूर्णिमा म्हणाली, "त्या यंत्राचीही करायची."

रंगनाथराव कट्टर बुद्धिवादी. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम दोनदा तिथून जाणारे. "माझा यावर विश्वास नाही," ते म्हणाले. "पण पाणी आणि निरांजन लांब ठेवून काय करायचं ते कर."

यंत्र उघडंच होतं. तीन कार्डं आपापल्या खाचेत, चौथी खाच मोकळी. चौथं कार्ड शेजारी पाटावर. पूर्णिमानं डब्याला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, हात जोडले. "आई अंबाबाई, एवढं एकदाचं पूर्ण होऊ दे," ती मोठ्यानं म्हणाली. तिनं ते कुणापासून लपवलं नाही. आणि मूठभर अक्षता घेऊन आधी यंत्रावर आणि मग कार्डावर टाकल्या. मनापासून पूजा करणाऱ्या बाईचा हात सढळ असतो. बऱ्याचशा अक्षता टेबलावर पडल्या, त्या तिनं पुसून घेतल्या. दोन मोकळ्या खाचेत गेल्या.

हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. दुपारी जेवण झाल्यावर रंगनाथरावांनी चौथ्या कार्डाची सोनेरी कड खोडरबरानं घासली. ही त्यांची नेहमीची पद्धत. तुमच्याआमच्या डोळ्यांना न दिसणारा गंज त्यानं निघतो म्हणे. मग कार्ड खाचेत दाबलं. ते अक्षतांवर टेकलं, कड खालपर्यंत गेलीच नाही. त्यांनी वरून स्क्रू आवळला आणि बटण दाबलं.

यंत्र सुरू झालं. होणारच. चौथं कार्ड आत होतं पण त्याला काही पोचतच नव्हतं, म्हणजे असून नसल्यासारखं. भांडायला दुसरं कुणी उरलंच नाही. रंगनाथरावांनी चौथ्या कार्डाचा गेम लावला. यंत्रानं त्या पत्त्यावर हाक मारली, आणि तिथे राहणाऱ्या पहिल्या कार्डानं इमानानं पिपाणी वाजवून दाखवली.

"झालं!" त्यांची आरोळी आमच्या स्वयंपाकघरात आली. मी धावत गेले. ते उभे होते, डोळ्यांत पाणी. "ऐका, ऐका द्वारकाताई! ही मूळ पिपाणी. बघा, काय ऊब आहे!"

पूर्णिमानं देवघराकडे बघून हात जोडले. रंगनाथराव म्हणाले, "देवीनं नाही, खोडरबरानं केलंय. दोन्ही कार्डांच्या भांडणाचं मूळ त्या गंजातच होतं." यावर नवराबायकोत वाद झाला. दोघंही आपापल्या परीनं चुकीची होती, फक्त पूर्णिमा थोडी कमी.

आता एवढं मोठं यश घरात कोंडून कसं ठेवणार? पुण्यात 'जुने संगणकप्रेमी मंडळ' नावाची एक संस्था आहे. अकरा माणसं, त्यांतली सात पदाधिकारी. अध्यक्ष आप्पासाहेब, वय चौऱ्याहत्तर, एका कारखान्यातून निवृत्त इंजिनिअर. पुण्यात घरी साउंड कार्ड आणणारे आपण पहिले, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं ठरवायला कुणाजवळ पावती नाही. त्यांनी मागच्या वर्षी भर सभेत सांगितलं होतं, "उपासनी, चार कार्डं एका डब्यात नांदत नाहीत. तीन ही मर्यादा आहे." तेव्हापासून रंगनाथराव त्यांच्यावर दात धरून होते. त्यांनी मंडळाला रविवारी सकाळी घरी बोलावलं. खिचडी पूर्णिमानं करायची.

सगळे आले. वल्लरीच्या खोलीत खुर्च्या मावेनात, तेव्हा काही पदाधिकारी उभे राहिले. रंगनाथरावांनी एक छोटं भाषण केलं, त्यात खोडरबराचा उल्लेख आदरानं झाला. मग पहिलं कार्ड वाजलं, दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. माना डोलल्या.

"आता चौथं," रंगनाथराव म्हणाले आणि पिपाणी लावली. "लक्ष द्या. मघाशी पहिल्यावर हीच धून ऐकलीत, ती कोरडी होती. ही बघा. खालच्या सुरांत गोलाई आहे. मध्येच एक हलका श्वास आहे. याला ऊब म्हणतात."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाले, "परत लावा."

परत लावली.

"पहिल्यासारखंच आहे. काडीचा फरक नाही."

रंगनाथराव हसले, तेच हसू, जे मला आमटीच्या वेळी मिळालं होतं.

"आप्पासाहेब, आपल्याबद्दल मला आदरच आहे. पण वय झालं की कानांचे बारकावे जातात. नैसर्गिक आहे. आपण मनाला लावून घेऊ नये."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस खरं बोलत होता आणि त्याला भर मंडळात बहिरा ठरवलं गेलं. मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कार्यवाह म्हणाले, "मला ऊब जाणवली." खजिनदार म्हणाले, "किंचित, पण आहे." त्यांच्यापेक्षा तरुण एकाला तर श्वास दोन ठिकाणी ऐकू आला. आपले कान म्हातारे झालेत असं कोण कबूल करणार? मी खिचडीच्या ताटल्या घेऊन दारात उभी होते, मलाही विचारलं. मी म्हटलं, "मला दोन्ही वेळा दाढच ठणकल्यासारखी वाटली." ते विनोद म्हणून सोडून देण्यात आलं.

सगळे आप्पासाहेबांकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हो," ते सावकाश म्हणाले. "आता नीट ऐकल्यावर... आहे. ऊब आहे खरी."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात पूर्णिमा चहाचा ट्रे घेऊन आली आणि तो खाली न ठेवताच म्हणाली, "म्हणजे आता यंत्र पूर्ण झालं ना?"

"पूर्ण!" रंगनाथराव म्हणाले. त्यांनी हात असा फिरवला की मिक्सर पडता पडता राहिला.

"मग आईला कधी आणायचं?"

अकरा माणसं ऐकत होती. मला पूर्णिमाचं इतकं कौतुक वाटलं की हातातली ताटली मी तिथेच कुणाच्या तरी मांडीवर ठेवली. आप्पासाहेबांनी सगळा प्रकार विचारून घेतला आणि अध्यक्ष या नात्यानं म्हणाले, "वा, उपासनी! छंद एकीकडे आणि कर्तव्य एकीकडे. दिवाळीच्या आत आणा त्यांना." कुणीतरी त्याला अनुमोदनही दिलं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी यंत्र हलवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गाडी करून वाईला जायचं होतं. तिकडे गोदाबाईंनी भांडी शेजारणींना वाटून टाकली होती, घराची किल्ली द्यायची कुणाला तेही ठरलं होतं. इकडे पूर्णिमा आतल्या खोलीतले पडदे धूत होती आणि मी खोकी घेऊन मदतीला गेले होते. प्रवासात हिसका बसू नये म्हणून रंगनाथराव कार्डं काढत होते. खोलीपासून हॉलपर्यंतचा प्रवास, पण काळजी घेतलेली बरी. पहिली तीन कार्डं जोर लावून निघाली. चौथ्याचा स्क्रू काढला आणि ते उचललं, तर नुसतं हातात आलं.

त्यांनी कार्डाची कड बघितली. एका टोकाला लाल डाग होता. मग बॅटरी घेऊन खाचेत बघितलं, आणि चिमट्यानं दोन अक्षता बाहेर काढल्या. कुंकवानं लाल, दाबून चपट्या झालेल्या.

हा माणूस मूर्ख नाही. त्याला सगळं कळायला पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

"द्वारकाताई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे कार्ड बसलेलंच नव्हतं."

"म्हणजे त्या रविवारी?"

"पहिलंच वाजत होतं. दोन्ही वेळा."

"आणि ऊब?"

ते तळहातावरच्या अक्षतांकडे बघत राहिले, मग उघड्या डब्याकडे, मग खोलीकडे. मला भीती वाटली. कारण हिशोब साधा होता. यंत्र पूर्ण झालेलंच नाही. म्हणजे त्यांच्याच अटीप्रमाणे खोली सोडायचं कारण नाही. दाराकडे तोंड करून एक वाक्य म्हणायचं, की पलंग परत भिंतीला, आणि वाईच्या खिडकीतून टोपली खाली. हा माणूस ते वाक्य म्हणू शकतो हे मी आषाढात बघितलं होतं. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं: आप्पासाहेब बरोबर होते, आणि मी मेलेल्या कार्डाचा श्वास ऐकला. मंडळात ते दुपारपर्यंत पोचलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"पूर्णिमा!" त्यांनी हाक मारली.

पूर्णिमा ओले हात पदराला पुसत दारात आली. "काय हो? काय सापडलं?"

त्यांनी मूठ मिटली.

"दाखवा की."

त्यांनी मूठ तोंडाशी नेली आणि दोन्ही अक्षता तोंडात टाकल्या.

"अहो! काय खाल्लंत?"

"प्रसाद," रंगनाथराव म्हणाले. "खंडेनवमीचा. राहिला होता."

"इतक्या दिवसांचा? त्या धुळीतला?"

"प्रसाद शिळा होत नाही," असं ते बुद्धिवादी गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी दातांखाली कडकन आवाज करत त्या चावल्या. तो आवाज मात्र आम्हा तिघांनाही अगदी सारखा ऐकू आला. मग त्यांनी चारही कार्डं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली आणि यंत्र हॉलमधल्या कपाटात सगळ्यांत खाली ठेवलं.

रविवारी संध्याकाळी गोदाबाई आल्या. आमच्याकडे लिफ्ट आहे, तरी त्यांना दोघांनी धरून आणावं लागलं. खोलीत गेल्या, पलंगावर बसल्या, हातानं गादी चाचपली, खिडकीतून बाहेर बघितलं. मग जावयाचा हात धरला.

"पूर्णिमानं सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "एवढं जिवाभावाचं काम, दोन वर्षांचं, ते माझ्यासाठी गुंडाळून ठेवलंत. पोटच्या पोराला जमलं नाही हो, ते तुम्ही केलंत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रंगनाथरावांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांची सुटका करायला हवी होती असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही.

"खरंच हो, गोदाबाई," मी म्हटलं. "असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

ते "चहा टाकतो" म्हणून आत गेले. चहा त्यांना करता येत नाही. आतून बराच वेळ नुसते डबे उघडल्याचे आवाज आले. पूर्णिमा त्यांच्या पाठीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत जी माया होती ती मी इतक्या वर्षांत त्या घरात पाहिली नव्हती, आणि ती त्या माणसानं फुकट कमावली, हे मला अजून सहन होत नाही. राग येतो. पण सांगायचं कुणाला? सांगितलं, तर ते यंत्र अपुरं ठरतं, आणि ज्याच्या कानांची अब्रू गेली तो माणूस निदान खोली तरी परत मागणारच.

गोदाबाई आता दुपारी मला हाक मारून पलंगाशी बसवतात आणि जावई किती मोठ्या मनाचा, ते रोज नव्यानं सांगतात. मी हो म्हणते.